अराकिसवर पाऊस पडायला नको होता

मे महिन्यात खान्देशात भरदुपारी वाचत बसणे सोपे नाही. पारा ४५ अंशांवर गेला की पंख्याचा वाराही भाजतो, खिडकीला लावलेला ओला पडदा अर्ध्या तासात खडखडीत होतो, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत असल्याने तो पुन्हा ओला करावा की नाही याचाही विचार करावा लागतो. अशाच एका मे महिन्यात, ओसरीवरच्या रिकाम्या पिंपांशेजारी बसून, शब्दकोश मांडीशी ठेवून, मी फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली ‘ड्यून’ ही कादंबरी पहिल्यांदा वाचली. अराकिस या वाळवंटी ग्रहावरचा एक टोळीप्रमुख नव्याने आलेल्या सरदाराच्या भेटीस येतो आणि त्याच्यासमोर मेजावर थुंकतो. सरदाराची माणसे संतापून उठतात, तेव्हा त्या टोळीत राहून आलेला एक जण त्यांना आवरतो आणि अंगातला ओलावा आपल्यासाठी खर्च केल्याबद्दल पाहुण्याचे आभार मानतो. टँकरच्या रांगेत हंड्याच्या जागेवरून भावाभावांत अबोला धरलेला ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

याच कादंबरीवर १९८४ साली डेव्हिड लिंच यांनी केलेला चित्रपट मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. शेवटी नायक विजयी होतो, आणि त्याच्या सामर्थ्याने अराकिसवर धो धो पाऊस कोसळतो. पाऊस पाहून आनंद व्हावा अशा मुलखात मी जन्मलो आहे. तरीही तो पाऊस पाहताना मला फसवले गेल्यासारखे वाटले. कादंबरीत पाणी हे वाळूतल्या महाकाय किड्यांना विष आहे. त्या किड्यांच्या जीवनचक्रातून एक मसाला तयार होतो, आणि त्या मसाल्यावर ताऱ्याताऱ्यांमधला सारा प्रवास अवलंबून आहे. तिथले लोक वाळवंट हिरवे करण्याचे स्वप्न जरूर पाहतात, पण त्यासाठी ते थेंब थेंब साठवतात आणि काही शतकांचा हिशेब मांडतात, कारण घाई केली तर सारेच कोसळेल हे त्यांना ठाऊक आहे. एका क्षणात पडलेला पाऊस हा सारा हिशेब पुसून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे, तारणहाराच्या नादी लागलेल्या समाजाचे काय होते याचा इशारा देण्यासाठी लिहिलेल्या कादंबरीचा शेवट तारणहाराच्या चमत्काराने होतो.

याच्या उलट, डेनी व्हिलनव्ह यांनी २०२१ आणि २०२४ मध्ये दोन भागांत केलेल्या चित्रपटांनी मूळ घटना मुक्तपणे बदलल्या आहेत. कादंबरीतली काही वर्षे काही महिन्यांत आवळली आहेत. नायकाची बहीण, जी पुस्तकात लहान वयातच महत्त्वाचे काम करते, ती इथे आईच्या पोटातच राहते. आणि नायकाची प्रेयसी चानी, जी पुस्तकात त्याच्या पाठीशी उभी असते, ती इथे त्याच्या देवत्वावर विश्वास ठेवायला नकार देऊन निघून जाते. कट्टर वाचकांना या बदलांचा राग आला. मला आला नाही. थुंकण्याचा प्रसंग तिथे आहे, मेलेल्या माणसाच्या देहातले पाणी काढून घेण्याची रीत तिथे आहे, आणि चानीच्या नकारामुळे हर्बर्ट यांचा इशारा पुस्तकापेक्षाही ठळकपणे ऐकू येतो. घटना बदलल्या, पण कथेचा नियम मोडला नाही.

विज्ञानकथा असो की अद्भुतकथा, तिच्यात एक कल्पित नियम घालून दिलेला असतो. वाचक तो नियम एकदाच मान्य करतो आणि पुढे लेखकाने तो पाळावा अशी अपेक्षा धरतो. पाणी मौल्यवान आहे, असे म्हटले की ते शेवटच्या पानापर्यंत मौल्यवान राहिले पाहिजे. पुस्तकाचा चित्रपट, मालिका किंवा नाटक करताना पात्रे गाळा, प्रसंग जोडा, काळ आवळा, शेवटही बदला. पण तो नियम सोडलात तर मूळ पुस्तकाचे नुसते नाव उरते. रूपांतराची पारख मी एवढ्या एकाच कसोटीवर करतो, आणि मराठीत अशी माध्यमांतरे जवळजवळ होतच नाहीत यासाठी पैशाचे जे कारण नेहमी पुढे केले जाते ते खोटे आहे, असे मला याच कसोटीमुळे वाटते.

ही कसोटी मला समीक्षेच्या पुस्तकांनी दिलेली नाही. माझी आजी उन्हाळ्यात गच्चीवर गोधडी अंथरून अहिराणीत गोष्टी सांगत असे. एका गोष्टीत सातपुड्यातल्या झऱ्याचे पाणी आणायला निघालेल्या मुलाला म्हातारी बजावते, “मांगे वयीसन देखू नको.” आजी दर वर्षी ती गोष्ट बदलून सांगे. कधी वाटेत वाघ भेटे, कधी नाग. कधी मुलगा एकटा असे, कधी त्याच्याबरोबर कुत्रा असे. आम्ही भावंडे त्याबद्दल एक शब्द बोलत नसू. पण एकदा झोपेच्या भरात तिच्या तोंडून गेले, की मुलाने वळून कुत्र्याला हाक मारली. माझी धाकटी बहीण ताडकन उठून बसली आणि म्हणाली, “आजी, त्याने मागे पाहिले ना आता? मग तो दगड का नाही झाला?” आजीने गोष्ट मागे नेली आणि मुलाला न वळता हाक मारायला लावली. पाच वर्षांच्या मुलीला वाघाचा नाग झालेला चालत होता, नियम मोडलेला चालत नव्हता. आमच्याकडे कानबाई या देवीच्या उत्सवातल्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या हिशेबाने गहू मोजून घेतात आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे असतात. उत्सवाचा थाट घरोघरी वेगळा असतो, पण रोटाचा नियम लहान मूलही मोडत नाही. अशा नियमांतच वाढलेल्या माणसांना अद्भुतकथा परकी वाटण्याचे काही कारण नाही.

नियम म्हणजे केवळ यंत्र किंवा जादू कशी चालते एवढेच नव्हे. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ कादंबऱ्यांतला जादूगार गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, आणि त्या द्वीपसमूहातली बहुतेक माणसे सावळी किंवा काळी आहेत. लेखिकेने हे जाणूनबुजून केले होते. २००४ साली अमेरिकेत त्यावर दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा गेड गोरा झाला आणि ले ग्विन यांनी जाहीर निषेध नोंदवला. नायक कोणत्या रंगाचा असू शकतो याबद्दलच्या रूढ समजुतीला त्या पुस्तकाने दिलेला छेद त्याच्या जगाचाच भाग होता. जाहिरातीतल्या प्रत्येक नायिकेला उजळवणाऱ्या आपल्या पडद्याने या उदाहरणाकडे नीट पाहावे. लिऊ त्सशिन यांच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ या चिनी कादंबरीचे २०२४ मध्ये आलेले इंग्रजी रूपही मला अर्धेच पटले. सांस्कृतिक क्रांतीत वडिलांचा खून पाहिलेल्या स्त्रीचा माणसांवरचा विश्वास उडतो आणि ती परग्रहाला उत्तर पाठवते, हा गाभा त्यांनी राखला. पण बाकी कथा चीनमधून उचलून ऑक्सफर्डच्या मित्रमंडळात नेली, आणि त्या स्त्रीचा भूतकाळ व आजची कथा यांच्यातला धागा सैल झाला.

आता पैशाच्या सबबीकडे येतो. मराठीत विज्ञानपट का होत नाहीत असे विचारले की उत्तर ठरलेले असते: परदेशात एका चित्रपटाला लागतो तेवढा पैसा आपल्याकडे आणायचा कुठून? हा प्रश्न फक्त देखाव्याचा असता तर हे उत्तर बरोबर ठरले असते. परंतु आंद्रेई तारकोव्हस्की यांचा १९७९ सालचा ‘स्टॉकर’ पाहा. स्त्रुगात्स्की बंधूंच्या ज्या कादंबरीवरून तो केला, तिच्यात परग्रहवासीयांनी मागे टाकलेल्या अजब वस्तूंची रेलचेल आहे. चित्रपटात त्यातले जवळपास काहीच नाही. आहेत ते ओले गवत, साचलेले पाणी, पडक्या इमारती आणि तीन माणसे. या प्रदेशात सरळ रेषेत चालायचे नाही, हा एक नियम मात्र आहे. वाटाड्या लोखंडी नटाला कापडाची पट्टी बांधतो, पुढे फेकतो, तो पडेल तिथवर चालत जातो, आणि पुन्हा फेकतो. पडद्यावर कसलाही धोका दिसत नाही. तरी त्या नटामागून पाऊल टाकताना प्रेक्षकाचा श्वास अडकतो. बंद पडलेल्या सूतगिरण्यांच्या शेडमध्ये शिरलेला कोणताही खान्देशी माणूस अशी जागा ओळखतो. छपराच्या फटीतून पडणाऱ्या उन्हात कापसाची धूळ तरंगत असते, रिकाम्या चात्यांच्या रांगा उभ्या असतात, आणि हजेरीचे घड्याळ एका वेळेवर थांबलेले असते. अशी जागा भाड्याने मिळायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

पैसा नसताना काय होऊ शकते याचा दुसरा दाखला तर आमच्या शेजारीच आहे. मालेगाव सरकारदरबारी नाशिक जिल्ह्यात असले तरी बोलीने आणि बाजाराने ते आम्हाला खान्देशाचेच वाटते. तिथे नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागाच्या खडखडाटात स्वतःचा सुपरमॅन केला. त्याची घडण २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपलेली आहे. यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण निळ्या-तांबड्या वेशात हिरव्या कापडासमोर हातपाय पसरून उडतो आहे, आणि सगळी गल्ली गंभीर चेहऱ्याने त्याला धरून आहे, हे दृश्य मी कधीही हसण्यावारी नेऊ शकलो नाही. या माणसांनी भरमसाट पैसा असलेल्या अनेक निर्मात्यांना न कळलेली गोष्ट ओळखली होती. बाहेरचा नायक घ्यायचा तर त्याला आपल्या गावाच्या धुळीत उतरवावे लागते, त्याची संकटे आपल्या गावाची असावी लागतात. मालेगावात जे हिरव्या कापडाने जमले, ते मुंबई-पुण्याच्या सुसज्ज स्टुडिओंना परवडत नाही, हे मी कसे मान्य करावे?

राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ याच वाटेवरचा आहे, जरी त्याला पैसाही लागला आणि वर्षेही लागली. त्याचे बीज नारायण धारप यांच्या भयकथेत आहे. लोभी देवाला धान्यापासून वंचित केले आहे, त्यामुळे पिठाचे बाहुले पुढे केले की तो भुकेने त्यावर तुटून पडतो, आणि पिठाच्या रिंगणात असलेल्या माणसाला शिवू शकत नाही, हा त्या चित्रपटातला नियम. शेवटचे संकट या नियमातूनच उभे राहते, बाहेरून आणलेले नसते. म्हणून तो शेवट थरकाप उडवतो. कोकणच्या पावसात, मराठी वाड्यात, मराठी लेखकाच्या बीजातून वाढलेली ही गोष्ट पडद्यावर हिंदी बोलत आली, याची मला खंत आहे. तक्रार त्या दिग्दर्शकाबद्दल नाही, मराठीत ती करण्याची हिंमत कुणी दाखवली नाही याबद्दल आहे.

ही हिंमत का होत नाही याचे एक कारण मला आमच्या भागातल्या एका ग्रंथालयात सापडले. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्या कथा पुन्हा वाचाव्यात म्हणून तिथे गेलो. कादंबऱ्यांच्या कपाटात त्यांचे नाव नव्हते, कथासंग्रहांतही नव्हते. विचारल्यावर खिडकीतल्या ताईंनी सहजपणे सांगितले, “सर, ते बालविभागात असेल, बघा.” आणि ते खरोखर तिथेच होते, चित्रमय रामायण आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांमध्ये. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. त्या ताईंचा यात काहीच दोष नाही. त्यांनी ते पुस्तक तिथे ठेवले कारण सगळेच ते तिथे ठेवतात. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या, हे त्यांचे थोर ऋण आहे, आणि मीही त्याच वाटेने या साहित्याकडे आलो. पण त्या वाटेवरून पुढे आलेल्या मोठ्या माणसासाठी आपण दुसरे कपाटच ठेवले नाही. जे साहित्य बालविभागात पडते त्याचा विचार निर्माता फार तर शाळेच्या सुट्टीपुरता करतो. १९७४ साली नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, कारण कथेची पारख नावाच्या वलयाशिवाय व्हावी अशी त्यांची इच्छा होती. आज त्यांचे नाव सगळ्यांना पाठ आहे आणि कथा मात्र तपासल्याच जात नाहीत.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मी मुद्दाम पुढे करतो. अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून देशभरातल्या मुलांनी ती इंग्रजीत वाचली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. ते आगगाडीने मुंबईला जातात, ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड चाळतात आणि आपले जग व हे जग कुठे वेगळे झाले ते शोधतात, सभेत व्यासपीठावर चढून बोलू लागतात आणि लोक त्यांना धक्काबुक्की करतात. एवढेच घडते. यात अंतराळयान नाही, स्फोट नाहीत, किडे नाहीत. रेल्वेचा डबा, वाचनालय आणि मैदान लागते, आणि भुसावळसारख्या जंक्शनवर वाढलेल्या माणसाला तर या कथेतला पहिला अर्धा भाग डोळे मिटूनही दिसतो: ओळखीचे रूळ, पण फलाटावरचा भलताच दिमाख, आणि आपलीच गाडी चुकली की जगच चुकले हे न समजणारा एक सभ्य गृहस्थ. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर हौशी मंडळी याहून किचकट नेपथ्य दोन दिवसांत उभे करतात. आकाशवाणीवर तर नेपथ्यही लागणार नाही. १९३८ साली ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी केवळ आवाजांच्या बळावर, बातमीपत्राच्या साच्यात बसवून रेडिओवर सादर केली होती, आणि लोक आजही तिचे नाव काढतात.

या कथेतला नियम फार नाजूक आहे. बखरीत लिहिले आहे की विश्वासरावांना गोळी लागली. दुसऱ्या जगातल्या बखरीत ती गोळी कानाला चाटून जाते. तिळाएवढे अंतर, आणि दोन वेगळे हिंदुस्थान. ही कल्पना आमच्या मातीत रुजणार नाही असे कोणी म्हणू नये. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे; भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ची जी गोष्ट घरोघरी सांगतात, ती त्यांच्या ग्रंथात नाही, १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेतून ती आली आहे. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त गाठण्यासाठी तळाला छिद्र असलेले, बुडायला लागणाऱ्या वेळेवरून घटका मोजणारे घटिकापात्र पाण्यात सोडले होते, तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि वेळ टळून गेली. गणिताच्या पुस्तकाला जोडलेली ही कथा मला नेहमी विज्ञानकथेची आजी वाटते: काटेकोर यंत्र, मोत्याएवढे कारण आणि परत न फिरवता येणारा परिणाम. अनुवादकाने मूळ ग्रंथात नसलेले काही घातले, पण ते भास्कराचार्यांच्या मोजमापाच्या जगाला शोभेल असे घातले. रूपांतरकाराला यापेक्षा मोठे स्वातंत्र्य कशाला हवे?

म्हणूनच उद्या कोणी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ रंगमंचावर किंवा पडद्यावर आणणार असेल, तर त्याने गंगाधरपंतांना खुशाल भुसावळहून गाडीत बसवावे, त्यांच्या बायकोला कथेत नसलेले मोठे काम द्यावे, सभेतला गोंधळ आजच्या सभेसारखा करावा. मला काळजी एका सवयीची आहे, जी आपल्या मालिकांना आणि नाटकांना फार जडली आहे: अडचणीची कथा शेवटी नायकाला झोपेतून जागे करून मिटवायची. मूळ कथेत गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे हे सगळे कल्पनेचे खेळ समजून थट्टेच्या सुरात बोलत असतो. ग्रंथालयातून नकळत खिशात गेलेली बखर सभेच्या धक्काबुक्कीत हरवलेली आहे. पण तिचे एक फाटलेले पान खिशात उरले आहे, आणि त्यावर छापले आहे की गोळी चाटून गेली. राजेंद्र ते पान वाचतो आणि त्याचा चेहरा बदलतो. ते पान, कागदाचे, कडा फाटलेले, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसेल असे, गंगाधरपंतांच्या खिशातून बाहेर आलेच पाहिजे.